बोरखेडीची हरकत

"आता कुरड्या खाटंवर वाळवता येनार नाहीत," मोबाइलमधून मान वर काढत उकंडराव म्हणाले. "दिल्लीवाल्यायनं नियम काढला. विकाचं वाळवन उघड्यावर नको, झाकलेल्या जागेत पाह्यजे."

कोकिळाबाईंचा सोऱ्या हवेतच थांबला. गच्चीवर ओळीनं खाटा, खाटांवर धुतलेली लुगडी, लुगड्यांवर पांढऱ्याफेक कुरडया आणि वर संग्रामपूरकडचं चैत्रातलं ऊन. त्या उन्हाच्या भरवशावर त्यांच्या बचत गटाचा माल खामगावच्या दुकानांत पोचला होता. संध्याकाळपर्यंत कुरडई कडक झाली नाही की आंबते, हे दिल्लीला कोण सांगणार?

"नियम निघाला म्हंजे संपलं का सारं?"

"नाही ना. हा कच्चा मसुदा हाये. आधी मसुदा काढतात, लोकायच्या हरकती मागवतात, आन् मंगच पक्का करतात. महिन्याभरात कळवा म्हनते."

कोकिळाबाईंचे यजमान उकंडराव गावच्या सोसायटीतून सचिव म्हणून निवृत्त झाले होते. 'हरकत' हा शब्द कानावर पडला की त्यांना तरतरी यायची. त्याच दुपारी त्यांनी झकास हरकत लिहिली : ऊन हाच कुरडईचा प्राण असून सदर अट तिला लावू नये. सगळ्या बायांच्या सह्या झाल्या. रिकाम्या हातानं कोणाच्या दारी जायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून सोबत डबाभर कुरडयाही दिल्लीला गेल्या.

कुरडयांनी काम केलं म्हणा की हरकतीनं, पण वैशाखात फोन आला. नियम पक्का करण्याआधी दिल्लीच्या त्या खात्यातल्या प्रेरणा मॅडम जागेवर येऊन पाहणार होत्या. एवढ्या मोठ्या देशात सरकारला बोरखेडीचं म्हणणं ऐकावंसं वाटलं, या विचारानं गाव दोन इंच उंच झालं.

आणि सरकार घरी येणार म्हटल्यावर गाव आवराआवरीला लागलं. सुतळी लोंबणाऱ्या खाटा पाहुण्यांना कशा दाखवायच्या? त्या गोठ्यात गेल्या. अंगणात लग्नाचा मांडव पडला. त्याला चारी बाजूंनी पांढरी जाळी लागली, आत पंखे आले, स्टीलची नवी ताटं आली.

गटात शेवया करणारी शाहीन हे बघून चक्रावली. "काकू, खाटा काऊन उचलता? खाटंसाठीच तर हरकत घेतली ना आपन?"

"बाईमानूस दिल्लीहून येऊन राह्यली. तिले फाटक्या खाटा दाखवू का?"

मांडवात कुरडया काही वाळेनात. दुपारपर्यंत त्या गिळगिळीतच राहिल्या. पाहुणीपुढे ओल्या कुरडया ठेवणं कोकिळाबाईंना मरणाहून वाईट वाटलं. त्यांनी मागच्या आठवड्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरडया आणून ताटांत मांडल्या.

प्रेरणा मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या. त्यांनी जाळीचे फोटो काढले, पंख्यांचे काढले, एक कुरडई कडकन मोडून पाहिली.

"मावशी, तुम्ही तर लिहिलं होतं की झाकलेल्या जागेत वाळत नाहीत. या इतक्या छान कशा वाळल्या?"

उकंडराव खोकले. शाहीननं मागून कोकिळाबाईंचा पदर ओढला. खरं काय ते सांगितलं की काम फत्ते होणार होतं. पण सगळं गाव जमलेलं होतं, आणि कोकिळाबाईंना ऐकू आला तो फक्त आपल्या हाताबद्दलचा सवाल.

"माह्या हातची कुरडई कुठीबी वाळते," त्या म्हणाल्या.

उकंडरावांनी डोळे मिटून घेतले.

दिवाळीनंतर पक्का नियम निघाला. उकंडरावांनी तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. बोरखेडीची हरकत मिळाली, तिचा विचार झाला, जागेवर पाहणीही झाली. तेथील झाकलेली व्यवस्था उत्कृष्ट आढळल्यानं हरकत फेटाळण्यात येत असून इतरांनीही तशीच व्यवस्था करावी.

"म्हंजे आपली हरकत आपल्याच कुरडीनं पाडली," कोकिळाबाई म्हणाल्या.

"हाव. पन राजपत्रात गावाचं नाव आलं."

त्या ओट्यावर जवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा वाचा बरं."

ग्रामपंचायतीनं पेढे वाटले. पुढचा उन्हाळा मात्र कठीण गेला. कितीतरी घाणे आंबून गुरांच्या पुढ्यात गेले. शेवटी शाहीनला सुचलं की नियमात झाकलेलं म्हटलंय, अंधारं म्हटलेलं नाही. गच्चीवर पारदर्शक पत्र्याची खोली झाली, भिंतींच्या जागी जाळी आली, आणि कुरडया पुन्हा कडकडीत वाळू लागल्या.

मग नमुना पाहायला लांबलांबच्या बचत गटांच्या गाड्या बोरखेडीत येऊ लागल्या. कोकिळाबाई नवं लुगडं नेसून सगळं समजावून सांगत. एक दिवस मोताळ्याकडची एक बाई वैतागून म्हणाली, "काकू, या नियमापायी आमचं सारं वाळवन आंबलं. कोनं काढला असन हो असा नियम?"

उकंडराव जाळी तपासायला वळले. कोकिळाबाईंनी मात्र पदर खोचला आणि ताठ मानेनं विचारलं, "मंग मसुदा निघाला तवा हरकत काऊन नाही घेतली, बाई? आमी घेतली व्हती."