सिंहासमोरचं पहिलं वाचन

तर मुलांनो, एका जंगलात एक चर्च होतं. दर रविवारी तिथे मिस्सा व्हायची. फादर हत्ती प्रवचन करायचे. पहिल्या बाकावर बस्त्याव सिंह बसायचा. दुसऱ्या बाकावर कुणीच बसायचं नाही.

नाताळ जवळ आला. त्या रविवारचं बायबलमधलं पहिलं वाचन नातालीन सशिणीकडे आलं. तिने ते आधी वाचून पाहिलं आणि तिचे कान ताठ झाले. संदेष्टा सांगत होता, की देवाच्या राज्यात सिंह बैलासारखा गवत खाईल.

ती धावतच गेली. "फादर, हे मी बस्त्यावकाकांच्या तोंडावर वाचू? मला दुसरं काहीतरी द्या ना. स्तोत्र द्या."

"अगं, शब्द देवाचा आहे, तुझा नाही," फादर म्हणाले. "तू वाच. पुढचं मी प्रवचनात सांभाळून घेतो."

नातालीनने वाचलं. 'गवत' म्हणताना तर तिने डोळेच मिटले. "हा प्रभूचा शब्द," ती कशीबशी म्हणाली.

"देवाला धन्यवाद!" सगळ्यांत मोठा आवाज सिंहाचा.

मागे उभ्या असलेल्या इनास बैलाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तो सिंहाला टाळून लांबच्या वाटेने घरी जायचा. संपलं आता ते! त्याच आनंदात, प्रवचन सुरू होताच, तो नेहमीसारखा बाहेर गेला. चिंचेखाली रवंथ करायला.

आत फादर समजावत होते, "प्रिय भाविकांनो, गवत म्हणजे खरंखुरं गवत नव्हे. गवत म्हणजे नम्रता. आपले बस्त्यावभाऊ मांस खातात, पण किती नम्रपणे खातात!"

सिंहाने नम्रपणे मान हलवली.

मिस्सा सुटली. "छान वाचलंस गं पोरी," सिंह नातालीनला म्हणाला. "उच्चार अगदी स्वच्छ." तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात इनास आला. "बस्त्यावभाऊ, नदीकाठी कोवळं गवत आलंय. चला, बरोबर खाऊ."

"चल की. भूक लागलीच आहे."

नातालीनने तोंड उघडलं. पण वाचकाने वाचायचं असतं, अर्थ फादर सांगतात. तिने तोंड मिटलं.

पुढच्या रविवारी फादरांनी इनासच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. वाचन पुन्हा नातालीनकडेच होतं. सिंहाने खास तिचं नाव सुचवलं होतं.

तात्पर्य : देवाचा शब्द मनापासून ऐकावा, पण त्यावर विश्वास ठेवण्याआधी प्रवचन संपेपर्यंत आत थांबावं.