पागीमामांची करंगळी

पागीमामा दुकानात शिरले की मी आधी कीबोर्ड उचलून घेते, गिऱ्हाईक नंतर बघते. कारण हा माणूस रामराम करायच्या आधी दुसऱ्याच्या कीबोर्डवर करंगळी टेकवतो. तीही डावी. डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि एकच बटण हळूहळू दाबत न्यायचं. मग डोळे उघडून निकाल, "जड हाय." की आले तसे चालते झाले.

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन दुकानं सोडून मामांचं. मिक्सर, टॉर्च, रिमोट, कीबोर्ड, जे बिघडेल ते तिथे दुरुस्त होतं. एकदा पोशेऱ्याहून आलेल्या एका म्हातारीचा पेन्शनचा फॉर्म मी मोठ्या कष्टाने शेवटपर्यंत आणला होता. मामांनी करंगळी टेकवली ती नेमकी भलत्याच बटणावर. पान गेलं, मागोमाग साइट बसली, म्हातारीची शेवटची गाडी चुकली. त्यानंतर मी मामांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुझा रबर कडक झालाय. बदल."

बँकेत तर ते काचेखालून हात घालतात. आता ते पायरी चढले की वॉचमनच उठून उभा राहतो, आणि मामांना वाटतं मान देतोय.

तरुणपणी मामा कुर्ल्याच्या एका भंगाराच्या गोदामात होते. ऑफिसांनी फेकलेले कीबोर्ड फोडून आतला पत्रा वेगळा काढायचा, हे काम. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक खोकला आणि एक वाक्य: "ऊपर क्या देखता है, अंदर देख." हे वाक्य ते कीबोर्डला लावतात, कलिंगडाला लावतात आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवतात.

आत काय असतं ते मलाही त्यांनीच दाखवलं. प्लास्टिकचे तीन पापुद्रे. वरच्यावर आणि खालच्यावर चंदेरी रेघा, मधला नुसता भोकाभोकांचा. मधला दोघांना दूर ठेवतो. बटण दाबलं की वरचा त्या भोकातून खालच्याला टेकतो, आणि अक्षर उमटतं. "याला मेम्ब्रेन म्हनतात. खेल सगल्यांचा ह्योच," मामा सांगतात, "फरक काय तो दाबनाऱ्यात." कुणाच्या डोक्यावर स्प्रिंग असते, दाबली की वाकते आणि खाट्कन वाजते. कुणाच्या डोक्यावर रबराची टोपी. कुठे टिकलीएवढा पत्रा असतो, तो टक्कन आत जातो. आणि काही जुने तर अगदी सपाट, वर बटणच नाही, पापुद्र्यावरच अक्षरं छापलेली.

गावातली माणसंही त्यांनी याच हिशोबात बसवली आहेत. एक साहेब स्प्रिंगवाले, कामापेक्षा आवाज जास्त. दुसरे रबराचे, कुठेही दाबा, मुकाट परत वर येतात. मी म्हणे पत्र्याची टिकली, बोट लागायचा अवकाश की टक्कन. हे त्यांनी माझ्या नवऱ्यासमोर सांगितलं, आणि तो मेला मान डोलावत होता.

मोखाड्याचे एक मास्तर गेले तेव्हा मात्र हद्द झाली. आम्ही सगळे सांत्वनाला गेलो होतो. बायका रडत होत्या, मुलगा मुंडण केलेल्या डोक्याने भिंतीला टेकून बसला होता. मामा त्याच्याजवळ सरकले, पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, चला, आज तरी माणसासारखं वागले. तर कानाशी जाऊन म्हणतात, "मास्तरांचा तो जुना, टीवीला लावायचा कंपूटर हाय का रं घरात? सपाट कीबोर्डाचा?" मला भुईत गाडून घ्यावंसं वाटलं. पोरानेही वैतागून माळ्यावरचं ते धूड काढून पुढ्यात आदळलं. मामांनी ते तान्ह्या बाळासारखं टॉवेलात गुंडाळून नेलं. परतीच्या जीपमध्ये त्यांच्याशी कुणी बोललं नाही. त्यांचं लक्षही नव्हतं.

मामांची बायको, जनामामी, अंथरुणाला खिळली आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अंग सुकत जाणारा आजार. नाशिकच्या डॉक्टरांनी, याला औषध नाही, असं तोंडावर सांगून परत पाठवलं. आधी पाय गेले, मग वाचा गेली. सुरुवातीला आम्ही डबे नेले, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, त्यात लाज वाटावी असंही कुणाला वाटत नाही.

गेल्या थंडीत माझ्या कीबोर्डवर चहा सांडला म्हणून मी मामांकडे जाऊन बसले. त्यांनी स्क्रू काढले, पापुद्रे सुटे करून फडक्याने पुसायला घेतले. टेबलावर एक इवला लाल दिवा होता. त्याची वायर मागच्या दारातून अंगणापलीकडे, घरात गेलेली.

"हे काय हो?"

"मामीची बेल."

मग हळूहळू कळलं. वाचा होती तेव्हा जनामामी दिवसभर मागून हाका मारायची, आणि मामा दिवसभर कुरकुरत जायचे. वाचा गेल्यावर त्यांनी तिच्या उशाशी एक बटण बसवलं. ती दाबणार, इथे दिवा लागणार. शरीरात हलत होती ती फक्त डावी करंगळी. पहिलं स्प्रिंगचं बटण तिला जड झालं, म्हणून रबराचं. रबर जड झाला, म्हणून टिकलीचं. शेवटी मास्तरांच्या घरचा सपाट पापुद्रा, आणि त्यातलाही मधला थर तासून आणखी पातळ केलेला. गावभर मामांची जी करंगळी टेकत फिरत होती, ती मामीसाठी बटणांचं वजन करत होती.

"इतकं पातल केलं, का पावसाल्यात ओल धरून दोन्ही पापुदरे आपसूक चिकटायचे. चार महिने दिवा जलतच ऱ्हायला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? जायचो. खरं कुठलं, खोटं कुठलं, कसं कलनार?"

मी मान खाली घालून उगाच स्क्रू मोजायला लागले.

तेवढ्यात मामांनी हातातलं फडकं ठेवलं, लाल दिव्याकडे पाहिलं आणि मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्याने ओरडले, "आलूं गो, आलूं! दिसला दिवा!"

दिवा विझलेलाच होता. मी नीट पाहिलं, वाकून पाहिलं.

"मामा, कुठे लागलाय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग जवळ येऊन, अगदी हळू म्हणाले, "दिवालीपासून नाय लागला. पापुदरा चांगला हाय, मी दाबला का लागतो. बोटातच जीव नाय ऱ्हायला. पर तिला वाटतं, ती दाबते. तिला कशाला सांगायचं?"

चपला न घालताच ते अंगण ओलांडून गेले. माझ्या दुकानात कुणीतरी नक्की खोळंबलं असणार होतं, तरी मला उठवेना. पापुद्रे तसेच टेबलावर सुटे पडले होते. पलीकडून मामांचा आवाज आला, चांगला चढा, चिडलेला, गल्लीला ऐकू जाईल असा:

"आगो, किती येला बोलावशील? दुकानात गिऱ्हाईक बसलंय! मना काय कामधंदा हाय का नाय?"