मुक्काम पोस्ट मिनीव्हॅन

हॉटेलात खोली घ्यायची नाही, हे बेसिल तुस्कानोने कॅनडातल्या विंडसरमध्ये, स्वतःच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप असताना ठरवलं. घरात हीटिंग चालू होतं, पायात लोकरीचे मोजे होते. अशा ठिकाणी बसून माणूस थंडीबद्दल फार धाडसी निर्णय घेतो.

मुलगी नाओमी युनिव्हर्सिटीच्या स्की टीममध्ये निवडली गेली होती आणि शनिवारी सकाळी तिची पहिली रेस होती. ती टीमबरोबर आधीच पुढे गेली होती. रेसचा डोंगर विंडसरहून चांगला अर्ध्या दिवसाच्या ड्राइव्हवर. वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेल्या बेसिलने पहिला बर्फ पाहिला तो लग्नानंतर, आणि आता त्याची पोर त्याच बर्फावरून गोळीसारखी खाली येणार होती. जायला तर हवंच होतं. पण तिथल्या रिसॉर्टचं एका रात्रीचं भाडं बेसिलने फोनवर बघितलं, फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मेव्हिस, आपण गाडीत झोपू."

"गाडीत म्हणजे?"

"आपल्या मिनीव्हॅनमध्ये. मागच्या सीटा दुमडल्या की डबल बेड होतो. यूट्यूबवर किती लोक करतात."

"ती लोकं पंचवीस वर्षांची असतात, बेसिल. त्यांना कंबर नसते."

बेसिलने तिला समजावलं. तो ज्या कारखान्यात कामाला होता तिथे मिनीव्हॅन बनत. त्याचं काम दरवाजे तपासण्याचं: नीट उघडतो का, नीट लागतो का. "ही गाडी मी आतून-बाहेरून ओळखतो," तो म्हणाला. (बाहेरून ओळखत होता हे खरं. आतून ओळख व्हायची होती.)

मेव्हिसने फार वाद घातला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या भांडणात जीव घालायचा आणि कुठलं नवऱ्याला स्वतःच हरू द्यायचं, हे बाईला कळायला लागतं. तिने दोन रजया घेतल्या, दोन स्लीपिंग बॅगा घेतल्या आणि नाओमीसाठी डबाभर इंदियाल केलं. डुकराच्या मटणाचं, व्हिनेगर आणि लाल मिरचीतलं, वसईत नाताळाला करतात ते. पोर होस्टेलवर उकडलेलं खात होती म्हणे.

डोंगराच्या पायथ्याशी ते पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि बर्फ भुरभुरत होता. पार्किंग अवाढव्य. रिसॉर्टच्या दिव्यांजवळ बऱ्याच गाड्या होत्या, पण बेसिलने मिनीव्हॅन थेट टोकाला, फरच्या झाडांच्या कडेला नेऊन लावली.

"इतक्या लांब कशाला? वॉशरूम तिकडे आहे," मेव्हिस म्हणाली.

"कुणी बघायला नको. गाडीत झोपायला परवानगी आहे की नाही ते मी विचारलेलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

तिथे एक पाटीही होती. पाटीवर काहीतरी महत्त्वाचं लिहिलेलं असणार, पण ती वरपासून खालपर्यंत बर्फाने माखली होती. पुसून वाचायला गाडीतून उतरावं लागलं असतं, म्हणून बेसिलने ती वाचली नाही.

सुरुवातीला छान होतं. दोघं मागे आडवे झाले, थर्मासमधली कॉफी प्यायले. मेव्हिसने गाडी लागू नये म्हणून दिवसभर घेतली तसली आणखी एक गोळी झोपेसाठी घेतली, बेसिलच्या घोरण्यासाठी कानात बोळे घातले, लोकरी टोपी हनुवटीपर्यंत ओढली आणि पाठ फिरवली. बेसिलने हे पाहिलं नाही. तो तेव्हा आपल्याला थंडी वाजत नाही, हे स्वतःला पटवण्यात गुंतला होता.

थंडी हळूहळू आली. आधी नाकाला, मग गुडघ्यांना, मग खालून, जणू गाडीला बूड नव्हतंच. काचांवर आतून दव धरलं आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला. आता बाहेरचं काही दिसेना. दिसेनासं झालं तेव्हा ऐकू यायला लागलं.

करकर. करकर.

बर्फावर कुणीतरी चालत होतं. जड पावलांनी, सावकाश, गाडीच्या भोवती.

बेसिलने श्वास रोखला. पावलं मागच्या बाजूला आली, थांबली. हंऽऽ असा एक घोगरा आवाज आला. मग धप्पकन काचेवर काहीतरी आपटलं, गाडी किंचित हलली.

अस्वल, बेसिलच्या मनात आलं. अस्वलं हिवाळ्यात झोपतात हे त्याला ठाऊक होतं. पण सगळी झोपतात का? माणसांमध्येही निद्रानाशाचे पेशंट असतातच. आणि डोक्याशी इंदियालचा डबा. त्याच्या वासाने बेसिललाच मघापासून झोप येत नव्हती, अस्वलाची काय कथा. त्याने हळूच हात लांबवून डबा स्लीपिंग बॅगेच्या आत ओढला, पोटाशी घट्ट धरला आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून चेन गळ्यापर्यंत लावली.

पुन्हा धप्प. पुन्हा हंऽऽ.

बेसिल मनातल्या मनात 'नमो मरिये' म्हणत मेल्यासारखा पडून राहिला. शाळेत पाठ करून घेतलेल्या प्रार्थना पन्नाशीतही किती नीट आठवतात, याचं त्याला त्या अवस्थेतही समाधान वाटलं. शेवटी पावलं लांब गेली. मग त्याने सरपटत पुढच्या सीटवर जाऊन इंजिन सुरू केलं, पाय पसरून हीटर लावला, डबा जॅकेटात पोटाशी खोचून. जरा ऊब आली की बंद करू, असं ठरवलं आणि तिथेच त्याचा डोळा लागला.

जाग आली ती धरणीकंपाने.

गाडी थरथरत होती. काचांवर केशरी उजेड फिरत होता, येत होता, जात होता. कानठळ्या बसवणारी घरघर, लोखंड घासल्याचा आवाज, आणि मग मागून एक भला मोठा ढिगारा येऊन गाडीला भिडला. दुसरा बाजूने आला. केशरी उजेड विझला, घरघर लांब गेली. आणि इतकी शांतता पसरली की बेसिलला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

त्याने ड्रायव्हरचा दरवाजा ढकलला. हलला नाही. खांदा लावला. नाही. मागे सरकून सरकता दरवाजा ओढला, मग मागचं मोठं झाकण वर ढकलून पाहिलं. हजारो दरवाजे तपासलेल्या माणसासमोर एकही दरवाजा उघडत नव्हता. बर्फ काढणाऱ्या यंत्राने साऱ्या पार्किंगचा बर्फ लोटत आणून नेमका इथे रचला होता, आणि त्या पाटीवर काय लिहिलं असेल हे आता न वाचताही कळत होतं.

"मेव्हिस," तो म्हणाला, "घाबरू नकोस, पण आपण गाडले गेलोय."

मेव्हिस काही बोलली नाही.

इंजिन अजून चालू होतं. ते आता त्याच्या लक्षात आलं. गाडीचा धूर मागून निघतो, आणि मागे बर्फाची भिंत होती. धुराला वाट नसली की तो आत येतो; त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. कारखान्यात हे दर हिवाळ्याआधी सांगतात. बेसिल दरवर्षी मान हलवून ऐकायचा.

त्याने झडप घालून इंजिन बंद केलं. "मेव्हिस." त्याने तिला हलवलं. डोकं नुसतंच इकडचं तिकडे झालं. "मेव्हिस, ए मेव्हिस, ऊठ ना गं." त्याने टोपीखाली हात घालून गालाला लावला, पण त्याचीच बोटं इतकी बधिर झाली होती की गाल गरम आहे की गार, हे त्याला कळेना.

फोन थंडीने केव्हाच मान टाकून बसला होता. बेसिल हॉर्नवर तळवा दाबून बसला. आवाज बर्फात गुदमरून, उशीत तोंड घालून रडावं तसा निघत होता. हॉर्न वाजवता वाजवता तो बोलत होता. "तुला इथे मीच घेऊन आलो. वसईत शाळेत शिकवत होतीस, चांगली मानाची नोकरी होती, सोडून आलीस माझ्यामागे. एक खोली नाही घेतली मी तुझ्यासाठी. उठलीस ना, तर पलीकडच्या त्या हॉटेलात आठवडाभर राहू. ब्रेकफास्टसकट." आयुष्यात तो इतका घाबरला नव्हता. विमान पहिल्यांदा उडालं तेव्हाही नाही, नाओमी जन्मली तेव्हाही नाही.

हॉर्नला कुणी येईना. त्याने चावी फिरवून ड्रायव्हरची खिडकी खाली केली. खिडकी अर्ध्यावर येऊन अडकली आणि मांडीवर टोपलीभर बर्फ पडला. पण वरच्या फटीतून खरंखुरं काळं आकाश दिसलं, गार वारा आत आला. मदत आणायची तर एवढाच रस्ता होता. बेसिलने डोकं बाहेर काढलं, हात काढले, खांदे काढले. पोटापर्यंत व्यवस्थित गेलं.

मग पोट आलं.

पोटाबरोबर जॅकेटात खोचलेला डबाही आला, ज्याचा त्याला पार विसर पडला होता. तो जितका पुढे रेटत होता तितका डबा दबत होता, आणि एका क्षणी झाकण उडालं. रात्रभर अंगाच्या उबेने पातळ राहिलेलं इंदियाल जॅकेटभर पसरलं आणि खाली शुभ्र बर्फावर लालभडक ओघळ गेले.

त्याच वेळी बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर पडला.

"ओ माय गॉड," झोतामागचा माणूस म्हणाला. तो रिसॉर्टचा रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड होता, दाढीवर बर्फ साचलेला, तिशीचा, आणि तोंडावर जाड मफलर. त्याने मफलर खाली ओढला. "अंकल, आप अंदर थे? मैंने दो बार शीशा ठोका, बोला कि गाड़ी हटाओ, प्लाऊ आनेवाला है. कोई बोला ही नहीं. मैंने सोचा, खाली है."

म्हणजे अस्वल ते हेच. विक्रम असं त्याच्या छातीवर लिहिलं होतं.

"मेरी वाइफ," बेसिलने दात वाजवत सांगितलं. "अंदर. उठती नहीं."

पण विक्रमचा झोत बेसिलच्या पोटावर थिजला होता. तो रेडिओवर बोलायला लागला. "मेल, फिफ्टीज, हेवी ब्लीडिंग, सेंड द स्लेज."

"ब्लड नहीं," बेसिल म्हणाला. ओठ गारठल्याने शब्द जागेवर पडत नव्हते. "इंदियाल है. इंदियाल."

"हाँ अंकल, मैं भी इंडियन हूँ," विक्रम त्याचा हात धरून म्हणाला. "घबराओ मत."

बेसिल जिवाच्या आकांताने पाय झाडायला लागला. एक बूट मागे जाऊन कशावर तरी बसला.

"आई गं," आतून आवाज आला. मग कानातले बोळे काढल्याची खुडबुड. मेव्हिस समोरच्या दृश्याचा अर्थ लावत असावी. "बेसिल, तू चाललास कुठे?"

जगातल्या कुठल्याही गायनापेक्षा तो आवाज बेसिलला गोड वाटला. तो खिडकीत अडकल्या जागी रडायला लागला. ते पाहून विक्रमने रेडिओवर सांगितलं की पेशंटला फार दुखतंय, लवकर या.

मेव्हिसने आतून पाय धरले, विक्रमने बाहेरून हात धरले, आणि दोघं आपापल्या दिशेला ओढू लागली. तेवढ्यात बचाव पथक आलं. त्यांनी खिडकीपुढचा बर्फ उकरला, बेसिलला बाहेर काढला, मेव्हिसला काढली, आणि मेव्हिस चालत येत असताना बेसिलला मात्र लाल ब्लँकेटमध्ये गुंडाळून पट्ट्यांनी स्लेजवर बांधला. डोंगरावर जखमींना खाली आणायची ती घसरगाडी होती. त्याने तीन भाषांत सांगितलं की मला काही झालेलं नाही. शॉकमध्ये माणसं असंच बोलतात, असं पथकातली बाई दुसऱ्याला समजावत होती. उजाडायला लागलं होतं, आणि रेससाठी आलेल्या बसमधून पोरं उतरत होती. त्या सगळ्यांच्या रांगेसमोरून बेसिलची मिरवणूक निघाली.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सने जॅकेट कापायला कात्री घेतली, वाकली, वास घेतला आणि कात्री खाली ठेवली. धुराची तपासणीही झाली. दोघांच्या अंगात काही शिरलं नव्हतं. यंत्र येऊन गेल्यावर इंजिन फार चाललं नव्हतं, एवढंच. नर्स हे सांगताना हसत नव्हती, आणि मेव्हिसचंही तोंड तेवढ्यापुरतं पांढरं झालं. तिने ब्लँकेटखाली हात घालून बेसिलचा हात पकडला आणि सोडला नाही.

नाओमी रेसच्या कपड्यात धापा टाकत आली. तिने दोघांना नखशिखांत पाहिलं, वडिलांच्या गळ्यात पडली, आणि मग जरा मागे झाली.

"पपा, व्हाय डू यू स्मेल लाइक ख्रिसमस?"

"सांगतो नंतर. तू जा, नंबर येईल तुझा."

तिची रेस त्यांनी खोलीच्या खिडकीतून पाहिली. नाओमी मधल्या वळणावर धडपडली, उठली आणि खाली पोचली. पुष्कळशा पोरी तिच्या आधी पोचल्या होत्या. पण मेव्हिस खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती आणि बेसिल पुन्हा डोळे पुसत होता.

शेजारच्या खाटेवर पायाला फळी बांधलेला एक गोरा म्हातारा पडला होता. 'ब्लॅक डायमंड' म्हणतात त्या वरच्या सगळ्यात अवघड उतारावर पाय मोडून घेतला होता म्हणे, आणि त्याचा त्याला अभिमानच दिसत होता. बेसिलला स्लेजवरून आणताना त्याने सकाळी, वर जाण्याआधी, लांबून पाहिलं होतं. ब्लँकेट, पट्टे, अंगावरचा लाल रंग. त्याने आदराने मान हलवली.

"टफ वन, हं? कुठला उतार? ब्लॅक डायमंड?"

बेसिलने तोंड उघडलं. हो म्हणावं, असं त्याला फार वाटलं.

"पार्किंग लॉट," मेव्हिस कॉफीवर फुंकर घालत म्हणाली. "गाडी उभी होती."