बीचवालं काई नाई

लांजेवारकाकांना दुधाचा चहा चालत नाही. एक तर कोरा चहा, नाही तर पेलाभर दूध. एकत्र केलं की दोन्ही वाया जातं, असं त्यांचं ठाम मत. भिलाईच्या जुनवानी भागात आमच्या शेजारी राहायला आल्यापासून त्यांनी मला एकदाही ‘बघू’ म्हणू दिलेलं नाही.

"हो म्हणा, नाई तर नाई म्हणा, भाऊ. बीचवालं काई नाई पायजे मले."

स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर ते चित्रं काढायला लागले, तीही नुसत्या काळ्या शाईची. शाईत पाणी घालून करडी छटा आणणं म्हणजे त्यांच्या लेखी भेसळ. पुसायची सोय नसल्यामुळे ब्रश हातात असताना ते श्वाससुद्धा बेतानं घेतात. अशा वेळी कुणी बेल वाजवली तर त्याची धडगत नसते. मला हा सगळा रिकामपणाचा उद्योग वाटायचा.

एकदा मी सहज विचारलं, "काका, थोडे रंग आणून देऊ का?"

"कावून? तुमच्या काकूले रंग कुठी दिसून राहिले आता?"

काकूंची नजर मंद होत चालली होती. रंग एकमेकांत मिसळून जायचे, गडद काळं आणि पांढरं तेवढं वेगळं कळायचं. नजर पुरती जायच्या आत त्यांना दिसेल असं एक तरी चित्र काकांना काढायचं होतं. मी ओशाळलो आणि रंगांचा विषय सोडून दिला.

गेल्या रविवारी काकांनी मला मुद्दाम बोलावलं. महिनाभर खपून काढलेलं चित्र भिंतीला टेकवलं होतं. लग्न होऊन भिलाईला आलेल्या तरुण काकू, गडद साडीत, ताठ उभ्या. चेहरा हुबेहूब साधला होता.

काकू चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मान तिरपी करून बराच वेळ बघत राहिल्या. मग खुलल्या.

"दिसलं जी मले. कारखान्याची चिमणी हाय ना?"

मला वाटलं, आता हा माणूस वाद घालणार.

"बराबर," काका म्हणाले. "धूर तेवढा काढाचा रायला."

त्यांनी ब्रश शाईत बुडवला आणि त्या तरुण चेहऱ्यावरूनच धूर वर चढवायला सुरुवात केली.

काकू मागे उभ्या राहून कौतुकानं सांगत होत्या, "आणखीन दाट काढा जी."