जिताड्याचं डोकं

फखरुद्दीनने आयुष्यात कधी जिताडा मासा पकडला नव्हता, आणि रविवारी संध्याकाळी तो होणाऱ्या व्याह्यांच्या डोळ्यांदेखत पकडून दाखवायचा होता. यात सगळी चूक त्याची होती असं म्हणता येणार नाही. निम्मी रमशाखालाची होती.

झालं होतं असं, की फखरुद्दीनची अफीफा आणि काल्हेरच्या यहयाभाईंचा जिब्रान दापोड्याच्या एकाच गोदामात कामाला. दोघांनी आपसात सगळं ठरवून टाकलं होतं, पण रीत म्हणून मध्ये लग्नं जुळवणाऱ्या रमशाखालाला घातलं. खाला आली, चहा प्यायली आणि जाता जाता पिल्लू सोडून गेली, की यहयाभाई जिताड्याचे भलते शौकीन, ज्या घरात जिताडा शिजत नाही तिथे त्यांचं मन लागत नाही. झालं. पहिल्याच भेटीत फखरुद्दीन बोलून गेला, "जिताडा ना? आम्ही बाजारातून आणतच न्हाय. मी स्वतः पकडतो." यहयाभाई कसनुसं हसून म्हणाले, वा, मग एकदा बघायलाच येतो. अफीफाने पडद्याआडून कपाळावर हात मारला.

तसा फखरुद्दीनकडे गळ होता. यंत्रमागाचा कारखाना संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टवर सोपवून तो वर्षभर कशेळीच्या खाडीवर जात होता. मोबाइलवर बघून त्याने पाण्यावर बुडबुड करत नाचणारा प्लॅस्टिकचा मासाही मागवला होता. दिवस बुडताना, उजेड अंधुक झाला की जिताडा वर येतो आणि असल्या नाचणाऱ्या माशावर झडप घालतो, हे त्याला तोंडपाठ होतं. फक्त जिताड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभरात गळाला लागल्या त्या पिशव्या आणि एकदा कुणाची तरी चप्पल.

"अब्बा, नातं मोडलं ना तर मी तुमच्याशी बोलणार न्हाय," अफीफाने शांतपणे सांगितलं. पोरगी रडली असती तर परवडलं असतं. ती शांत होती म्हणून फखरुद्दीनची झोप उडाली.

शेवटी त्याने सुमितला गाठलं. सुमित कांबळे त्याच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचा, वीस वर्षांचा दोस्त. बेत साधा होता. सुमितने बाजारातून ताजा जिताडा घ्यायचा, आधीच जाऊन पाण्याच्या कडेला तिवरांच्या झुडपात बसायचं. ओळखायला झुडपाला पांढरी पिशवी बांधायची. फखरुद्दीन त्या पिशवीच्या रोखाने गळ टाकणार, सुमित त्यात मासा अडकवणार, वर मोठे मोठे दोन झटके देणार. सुमितने नुसतं विचारलं की पकडलो गेलो तर काय, आणि फखरुद्दीनने विषय बदलला.

रविवारी असरची नमाज झाल्यावर यहयाभाई आले. बाकी मंडळींना घरी बसवून दोघे स्कूटरवर खाडीकडे निघाले. यहयाभाईंचा चेहरा सारखा उतरलेला, बोलणं तुटक. यांना संशय आला, असं वाटून फखरुद्दीनने स्कूटरचा वेग वाढवला. काठावर पोचतात न पोचतात तोच फोन वाजला. सुमित दबक्या आवाजात म्हणाला, "फखरूभाय, एक सांगायचं होतं. पोट साफ झालंय."

यहयाभाई हाताच्या अंतरावर उभे. फखरुद्दीन आवाज न बदलता म्हणाला, "बरं झालं. आता आराम कर." फोन ठेवल्यावर त्याने खुलासा केला की एका दोस्ताला बरेच दिवस त्रास होता. यहयाभाईंनी, अल्लाह त्याला बरा ठेवो, असं म्हटलं. या माणसाला ही वेळ सापडली का सांगायला, म्हणून फखरुद्दीन मनात सुमितवर चिडला.

मग त्याने तिवरांकडे पाहिलं आणि उचललेला गळ पुन्हा खाली घेतला. खाडीला नुकतीच भरती येऊन गेली होती आणि प्रत्येक तिवराला पांढरी पिशवी अडकली होती. उजेड कमी होत चाललेला. त्यात सुमितची पिशवी कुठली, हे सुमितलाही ओळखता आलं नसतं. बिस्मिल्ला म्हणून त्याने उजवीकडच्या सगळ्यात पांढऱ्या पिशवीकडे गळ टाकला. प्लॅस्टिकचा मासा बुडबुड करत येऊ लागला.

आणि पाणी फुटलं. केवढ्याने तरी आवाज झाला, काठी कमानीसारखी वाकली, दोरी करकरत सुटायला लागली. यहयाभाई चार पावलं मागे सरले. फखरुद्दीन सुमितवर खूश झाला. मग जरा जास्तच होतंय असं वाटलं. दोन झटके द्यायला सांगितले होते आणि हा बाबा त्याला पाण्यात ओढायला निघालेला. "पुरे, पुरे, सोड आता," तो ओठातल्या ओठात पुटपुटला आणि दोरी ढिली सोडली. त्याबरोबर पाण्यात एक मोठी वळवळ झाली आणि दोरी मोकळी आली.

"अल्हम्दुलिल्लाह," यहयाभाई म्हणाले.

मासा हातचा गेला तरी अल्लाहचे आभार मानणारा माणूस. असला व्याही शोधून सापडणार नाही, या विचाराने फखरुद्दीनला जास्तच धास्ती वाटू लागली. तेवढ्यात डावीकडच्या तिवरांतून कुणीतरी खोकलं. डावीकडच्या. फखरुद्दीनने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि विचार करायला वेळ नव्हता म्हणून मुकाट्याने खोकल्याच्या दिशेने गळ टाकला.

या खेपेला ठरल्याप्रमाणे दोन झटके आले आणि मासा निमूटपणे ओढला गेला. धडपड म्हणून नाही. शेवटी फखरुद्दीनलाच काठी हलवून धडपड करून दाखवावी लागली.

"दमला वाटतं," यहयाभाई म्हणाले. त्यांचा आवाज मात्र रडवेला झाला होता. त्यांनी मोबाइलचा उजेड पाडण्याआधी फखरुद्दीनने मासा झडप घालून उचलला, आणि त्याचा हात थेट माशाच्या पोटात गेला. आत काही नव्हतं. अंगावर खवलं नव्हती. दोन्ही बाजूंना मसाला भरायला सुबक चिरा पाडलेल्या होत्या. कोळणीने सवयीने विचारलं असणार, साफ करून देऊ का, आणि सुमितने सवयीने मान हलवली असणार. पोट साफ झालंय, म्हणजे हे. मासा पिशवीत कोंबून तो मगरिबच्या नमाजाची वेळ झाली, चला, चला, असं म्हणत सुटला.

घरी खदीजाने पिशवी उघडली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिकडेच साफ केला, तुला त्रास नको म्हणून, असं त्याने सांगितलं. जो माणूस स्वतःचा चहाचा कप उचलत नाही त्याने या चिरा पाडल्या, हे ऐकून खदीजाने चिरांवरून एकदा बोट फिरवलं. तिने मसाला लावायला घेतला. फखरुद्दीन तोवर पाहुण्यांकडे सटकला.

दस्तरखान अंथरलं. आधी दोघा वडीलधाऱ्यांना वाढलं, आणि मानाचं म्हणून जिताड्याचं अख्खं डोकं यहयाभाईंच्या ताटात आलं. यहयाभाई डोक्याकडे बघत बसले. फखरुद्दीन यहयाभाईंकडे बघत बसला. आता विचारणार, आता नातं मोडणार, अफीफाला काय तोंड दाखवू, याच्यापुढे त्याचं डोकं चालत नव्हतं. खदीजा भाकऱ्या आणायला आत गेली, तसे यहयाभाई जवळ सरकले.

"फखरूभाय, हा मासा बाजारातला हाय. तुमचा माणूस डावीकडच्या तिवरांत बसलेला, मी येतानाच बघितला. हे मी कुणाला सांगणार न्हाय. बदल्यात एक करा, हे डोकं माझ्यापुढून उचला. मी मासा खात न्हाय. वासानेच अंगावर पित्त उठतं. कोकणी मुसलमान आणि मासा खात न्हाय, कुणाला सांगू मी हे? रमशाखाला बोलली की तुमच्याकडे जिताड्याशिवाय माणसाला किंमत न्हाय. आठवडाभर जेवण गेलं न्हाय मला. आणि पोराने धमकी दिलेली, अब्बा, तोंड वाकडं केलंत तर बघा."

फखरुद्दीनने झटकन ताटं बदलली. भराभर डोकं संपवून त्याने ताटं पुन्हा होती तशी केली, आणि काटे यहयाभाईंसमोर गेले. भाकऱ्या घेऊन आलेल्या खदीजाने ते साफ ताट पाहिलं, तिचा चेहरा खुलला, आणि तिने प्रेमाने आणखी दोन तुकडे वाढले. तेही फखरुद्दीननेच खाल्ले. आतल्या खोलीत तोवर बायकांनी साखरपुड्याचा वार ठरवून टाकला होता. अफीफा त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

निरोप घेताना मात्र फखरुद्दीनच्या मनात काहीतरी लुकलुकलं. माणूस डावीकडे होता. त्याने यहयाभाईंना दाराशी थांबवलं आणि हळूच विचारलं, मग उजवीकडे तो पहिला कोण होता?

यहयाभाईंनी दोन्ही हात पसरले. जेवढे पसरता येतील तेवढे. "माझा जीवच गेलेला," ते म्हणाले. "बरं झालं तुम्ही सोडलात."

पाहुणे गेल्यावर भांडी आवरणाऱ्या खदीजाजवळ जाऊन तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गळाला जिताडा लागला होता. साक्षीदार एकटे यहयाभाई, आणि कुणाला काही सांगायचं नाही असं त्यांच्याशी आत्ताच ठरलेलं. तरी त्याला राहवेना.

"खदीजा, एक खरा लागला होता. केवढा तरी होता. मीच सोडून दिला."

"हो का?" खदीजा मान वर न करता म्हणाली. "त्याचंही पोट साफ होतं?"