खासगी पत्राची मंजुरी

खासगी गोष्ट खासगी ठेवायची, तर त्यासाठी जबाबदार माणसांची समिती लागते. ज्या घरांत अशी समिती नसते, तिथे नवरा-बायको एकमेकांशी परस्पर बोलू लागतात, आणि पुढे काय होतं ते आपण बघतोच.

लग्नाच्या दिवशी वधूवरांनी एकमेकांना खासगी पत्र लिहून बंद खोलीत वाचून दाखवायचं, ही नवी पद्धत आम्हीही स्वीकारली आणि लगेच समिती नेमली. अध्यक्ष मुलाचे थोरले काका (कचेरीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे सुधारून निवृत्त), सदस्य आत्या, आणि मुलाचा मामा म्हणून मी चिटणीस.

मुलाचा पहिला मसुदा फारच त्रोटक होता : ‘मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. घरच्यांनी तुला सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतोय. आता तू ठरव.’

काकांनी चष्मा पुसला. “मजकूर बरा आहे. पण यात प्रेम कुठंय?”

“काका, लग्नाआधी तिला कळायला नको?”

“कळेल रे हळूहळू,” आत्या म्हणाली. “आम्हाला नाही कळलं?”

समासात शेरा पडला : ‘वैद्यकीय बाब. वगळावी.’ त्यानंतर सात मसुदे झाले. तिसऱ्यात ‘जन्मोजन्मी’ आलं. चौथ्यात आत्याच्या हट्टापायी चंद्र आला आणि पाचव्यात काकांनी त्याचा ‘सदर चंद्र’ केला. अंतिम पत्रात दोनशे बारा शब्द होते; त्यांतले मुलाचे स्वतःचे दोन, तिचं नाव आणि खालची सही. मुलीकडच्या समितीला रडण्याच्या दोन जागा हव्या होत्या, आम्हाला एक. दीडवर तडजोड झाली (अर्धी म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या कडा ओलावणे).

मुलाचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण चिटणिसाला वाईट वाटण्याची तरतूद नाही.

लग्नाच्या दिवशी बंद खोलीत फक्त वधू, वर, फोटोग्राफर, व्हिडिओवाला, दिवा धरणारा आणि दोन्ही समित्या होत्या. बाकीच्यांसाठी बाहेर हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. दोघांनी पत्रं वाचली. रडणं ठरल्याप्रमाणे झालं. मग कार्यक्रमपत्रिकेत नसताना मुलगी पुढे वाकली आणि त्याच्या डाव्या कानात कुजबुजली, “हे मी लिहिलेलं नाही. मावशीनं लिहिलंय.”

त्याच्या कॉलरला माइक होता. हॉलमधल्या साडेतीनशे लोकांनी ते ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्या मुलाने.

“हस रे,” आत्या दबक्या आवाजात म्हणाली.

तो हसला नाही. “मला या कानानं ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “लहानपणापासून. तुला आधीच सांगायचं होतं. आता तू ठरव.”

काका खिशात पेन चाचपू लागले. मुलीने आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग त्याच्या कॉलरचा माइक काढून तिने काकांच्या हातात ठेवला (अध्यक्षांकडेच, म्हणजे योग्य ठिकाणी), उजव्या बाजूला येऊन बसली आणि त्याच्या कानाशी दोनेक मिनिटं बोलत राहिली. तो आधी हसला, मग रडला. दीडच्या मर्यादेबाहेर रडला. नंतर दोघं हात धरून बाहेर गेली आणि लग्न लागलं.

त्या दोन मिनिटांची नोंद समितीकडे नाही, ही गंभीर त्रुटी आहे. ती काय म्हणाली, हे आत्या मला रोज विचारते, काका दिवसाआड फोन करतात, आणि तुम्हीही इथवर वाचत आलात ते आता तरी कळेल म्हणूनच. लाजू नका. समितीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव मी घालून टाकलंय.