सखीचं स्थळ

गोष्टीत राजकन्येचं लग्न लागलं की सबनीसकाका पुस्तक रागाने मिटत. "खलास! आता सखीचं काय झालं, ते कवी काही सांगणार नाही."

काका आमच्या ट्रेडिंग कंपनीचं गोदाम सांभाळत. दुबईत अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मध्ययुगीन प्रेमाख्यानांनी कपाट भरलेलं. शुक्रवारी आम्ही बिर्याणीच्या आशेने जायचो आणि आधी एक अख्खं स्वयंवर ऐकायचो.

"निरोप कोण नेतं? सखी. विरहात वारा कोण घालतं? सखी. पकडलं गेल्यावर बोलणी कोण खातं? तीच! राजेलोक तिच्या जिवावर प्रेम करतात हो, पाटणकर."

"यल्ला, राइस गार होतोय," काकू आतून ओरडत.

काकांची धाकटी बहीण मंदा मिरजेला आईजवळ असायची. चाळिशी उलटली तरी बिनलग्नाची. तिचं लग्न व्हावं, हा काकांचा एकच ध्यास. फुजैराच्या बंदरात नोकरीला असलेले खोत एकटेच आहेत, असं कळताच काकांनी मला दूत नेमलं. बायोडेटा नाही, फोटो नाही. जुन्या रीतीप्रमाणे दूताने समक्ष जाऊन गुणवर्णन करायचं. माझ्याकडून त्यांनी ते पाठही करून घेतलं.

खोतांसमोर बसून मी सुरू केलं. हरणाचे डोळे, सिंहाची कंबर, हत्तीची चाल.

खोतांनी चहा खाली ठेवला. "साहेब, मुलीबद्दल बोलताय की अल ऐनच्या झूबद्दल? नेचर कसं आहे तिचं, ते सांगा ना."

मला काय ठाऊक? तसाच परत आलो आणि काकांना विचारलं.

"स्वभाव ना? आमच्या लव्ह मॅरेजमध्ये चिठ्ठ्या तिनेच पोचवल्या. बाबांनी मारलं, तरी हिचं नाव सांगितलं नाही."

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आणि?" मी विचारलं.

काका अडखळले. "आणि मी इकडे आलो. आई तिच्यावर सोडली. आता ती कशी आहे, मला नाही माहीत. तिला लग्न करायचंय का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही, पाटणकर. मीही नाही."

एवढा बोलका माणूस, पण त्या वेळी त्याच्याकडे बघवेना. काकूंनीच मिरजेला फोन लावला आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला.

"मंदे, तुला लग्न करायचंय का गं?"

ते तिचं उत्तर ऐकत राहिले. मग रिसीव्हरवर हात ठेवून काकूंकडे वळले.

"रडतेय. म्हणतेय, दादा, मला वाटलं होतं, तू गल्फला जायच्या आधी विचारशील."